गोयोबाबांच्या हाका

पर्वत जिवंत असला की त्याच्या पायथ्याच्या माणसांना काळाची भीती राहत नाही. राज्यं येतात, राज्यं जातात, घोड्यांवर बसून परके येतात, देवळांवर देवळं चढतात. पर्वत मात्र आपल्या जागी धूर काढत बसतो आणि सगळ्यांकडे सारख्याच थंडपणे बघतो. ओकोतेंको गावातल्या मूळच्या नाहुआ मंडळींच्या मनात याविषयी तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती एवढीच, की यंदा या पर्वताच्या शर्टाची कॉलर सोळाची ठेवायची की साडेसोळाची.

गेल्या वर्षी सोळाची ठेवली होती, आणि तो एप्रिलभर खोकला होता.

नकाशावर त्याचं नाव पोपोकातेपेत्ल असं लांबलचक आहे. ओकोतेंकोत त्याला गोयोबाबा म्हणतात; गोयो हे ग्रेगोरियोचं लाडाचं नाव. बारा मार्चला, संत ग्रेगोरियोच्या दिवशी, त्याचा वाढदिवस असतो, आणि गाव वर जाऊन त्याला कपडे देतं, जेवू घालतं, बँडवर गाणं वाजवतं. काय द्यायचं हे गाव ठरवत नाही. वाढदिवसाच्या महिनाभर आधी गोयोबाबा म्हाताऱ्याच्या रूपात गावच्या पाऊसकऱ्याच्या स्वप्नात येतो आणि काय हवं ते स्वतः सांगतो. एका वर्षी त्याला बूट हवे होते. एका वर्षी तोंडानं वाजवायची पेटी. दोन हजार साली सरकारनं गाव रिकामं करायला बसगाड्या पाठवल्या तेव्हा त्यानं काहीच मागितलं नव्हतं. पोट बिघडलंय, तुमच्याशी काही संबंध नाही, बसा घरात, एवढंच म्हणाला होता. निम्मं गाव तरीही बसगाड्यांत बसून गेलं. उरलेल्या निम्म्यानं महिनाभर सगळ्यांच्या शेळ्यांना चारा घातला, आणि ते त्यांनी अजून विसरू दिलेलं नाही.

पाऊसकरी होता मेलितोन. नांगरता नांगरता अंगावर वीज पडली आणि तरी उठून बसला, म्हणून एकतीस वर्षांपूर्वी गावानं त्याला पाऊसकरी केलं. वीज ज्याला पाडून सोडून देते त्यानंच हे काम करायचं असतं. अर्ज मागवत नाहीत. तेव्हापासून पाऊस वेळेवर यावा म्हणून मागणं मागायचं, गारा गावाच्या वेशीवरून वळवायच्या आणि गोयोबाबा काय म्हणतो ते गावाला सांगायचं, ही तिन्ही कामं मेलितोनची. गाव त्याच्या झोपेच्या भरवशावर झोपत असे.

आणि यंदा स्वप्न आलं नव्हतं.

फेब्रुवारी निम्मा होत आला तरी आलं नाही. उलट गोयोबाबाच गरजायला लागला होता. दिवसातून चार-पाच वेळा धडाका व्हायचा, खिडक्या थरथरायच्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची. सरकारी जाकीट घातलेला एक अधिकारी दोनदा येऊन गेला. त्याच्याकडे लाल, पिवळ्या आणि हिरव्या दिव्यांचं चित्र असलेला कागद होता आणि सध्या पिवळा लागला आहे असं तो सांगायचा. ओकोतेंकोत सिग्नल म्हणून तेवढा एकच, आणि तोही कागदावर. निघताना अधिकाऱ्यानं मेलितोनला बाजूला घेतलं आणि, हे कुठे लिहिणार नाही म्हणून, तो काही म्हणाला का असं विचारलं. मेलितोननं अजून नाही म्हणून सांगितलं. अधिकाऱ्याचा चेहरा कागदापेक्षा पिवळा झाला. शेजारच्या ब्राउलियानं त्याच संध्याकाळी कोंबड्या खोक्यात भरल्या.

मग चोवीस फेब्रुवारीला गरजणं एकदम बंद झालं. आता आत दाब साठतोय, असं अधिकारी म्हणाला. रागावून गप्प बसलाय, असं गाव म्हणालं. खरं कारण सबंध ओकोतेंकोत एकाच माणसाला ठाऊक होतं. मेलितोनच्या बायकोला.

त्या दुपारी सिरियाका चुलीपाशी राजम्याच्या वाळक्या शेंगांची टोपली घेऊन बसली होती. चार शेंगा सोलल्या आणि तिचा डोळा लागला. दारात एक म्हातारा उभा राहिला. कोटाच्या कडा जळलेल्या, दाढी राखेनं माखलेली, डोक्याला टक्कल, आणि टकलाची कातडी उन्हानं लालभडक. तिला वाटलं, कोळसेवाला. तिनं त्याला पाय पुसून आत ये म्हणून सांगितलं, गूळ-दालचिनीची कॉफी दिली, आणि बसलाच आहेस तर रिकामा बसू नकोस म्हणून शेंगा पुढे सरकवल्या. म्हातारा निमूटपणे सोलायला लागला. बोटं मोठी होती, पण काम चोख.

शेंगा भरल्यात यंदा, असं तो म्हणाला. देवाची कृपा आणि त्या वरच्याची, असं ती म्हणाली. वरचा कोण, असं त्यानं विचारलं; विचारताना त्याचे कान किंचित हलले. तो धूर काढणारा, असं तिनं सांगितलं. त्यावर म्हाताऱ्यानं बराच वेळ एकाच शेंगेकडे पाहिलं, आणि मग घसा खाकरला. त्या खाकरण्यानं फडताळातल्या बश्या वाजल्या, तेव्हा सिरियाकाच्या लक्षात आलं की आपण कुणाला कामाला लावलंय.

"तुझ्या नवऱ्याला पंधरा दिवस हाका मारतोय," गोयोबाबा म्हणाला. "घसा बसला माझा."

"त्याचा डावा कान गेलाय, बाबा. उजवाही आता निघालाय. जरा जवळ जाऊन बोला."

"किती जवळ येऊ?"

सिरियाकानं थोडा विचार केला आणि म्हणाली, नको, आहात तिथेच बरे आहात. मला सांगा.

त्यानं सांगितलं. सूट नको, ठेवायला जागा नाही. डोक्यावरचं बर्फ गेल्यापासून ऊन लागतं, तेव्हा एक साधी ताडपत्त्याची टोपी हवी. आणि आणखी एक. वर येतात ते सगळे पुढचा पाऊस मागायला येतात. मागच्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही. शेंगा अशा झाल्या, हे मला आज, तुझ्या स्वयंपाकघरात कळलं. तेव्हा यंदा तू वर ये आणि सांग. एवढं बोलून त्यानं कपातला गाळ बाहेर अंगणात टाकला, आला तसा गेला, आणि सिरियाकाला जाग आली. टोपलीतल्या शेंगा सोलून झाल्या होत्या. आता त्या झोपेत तिनंच सोलल्या असतील तर तिला सांगता येणार नाही. तिच्याकडून एवढ्या बारीक सोलल्या जात नाहीत, एवढंच.

मेलितोनला हे सांगणं मात्र सोपं नव्हतं.

एक तर गावाचा रिवाज असा, की ज्याला स्वप्न पडेल त्यानंच वर धुपाटणं धरायचं. तिनं तोंड उघडलं की मेलितोनची एकतीस वर्षं संपली. दुसरं म्हणजे आपल्याला कमी ऐकू येतं, हे त्याला मान्यच नव्हतं. त्याच्या मते हल्लीची माणसं पुटपुटतात. चर्चची घंटा पूर्वीसारखी ओतत नाहीत. कोंबडे आळशी झालेत. त्याचा सख्खा भाऊ आउरेलियो एकदा जेवता जेवता म्हणाला होता, की दादा, तू बहिरा होत चाललायस. त्यानंतर चार वर्षं दोघं भाऊ बोलले नाहीत, आणि मेलितोनला तर तो बोलत नाही हेही दीड वर्षानं कळलं.

म्हणून सिरियाकानं ठरवलं, की गोयोबाबाला पुन्हा एकदा मेलितोनकडेच पाठवायचं. तिनं त्याला रात्री जड जेवू घातलं. उशी बदलली. त्याची खाट फिरवून त्याचा उजवा कान पर्वताकडे करून ठेवला, आणि विचारल्यावर ढेकूण झालेत म्हणून सांगितलं. मेलितोन रोज सकाळी डोळे उघडून छताकडे बघत पडायचा. तिनं काही विचारायच्या आतच मान हलवायचा. पूर्वी तो उठल्या उठल्या अंगणात जाऊन पर्वताला रामराम घालायचा. आता पाठ करून तोंड धुवायला लागला. उधारी थकलेला माणूस दुकानासमोरून जातो, तसा तो अंगणातून जायचा. तिला ते बघवत नव्हतं, आणि सांगवतही नव्हतं.

तीन मार्चला फिदेन्सियो माप-पट्टी गळ्यात अडकवून आला. तो गावचा शिंपी, आणि यंदाच्या उत्सवाचा मानकरीही तोच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे आल्यामुळे तो गेले सहा महिने हळू चालत होता. त्याच्यामागे पाच-सहा माणसं दारात येऊन थांबली. मेलितोनबाबा, नऊ दिवस राहिले, कापड कापायला हवं, असं फिदेन्सियो कानाशी वाकून म्हणाला. काय मागितलंय ते सांगा. आणि तो गप्प का झालाय, तेही.

मेलितोननं भिंतीकडे पाहिलं. मग, भिंतीकडेच बघत, काळा सूट म्हणाला. तीन बटणांचा. आणि रागावलेला नाही, आराम करतोय.

दारातल्या माणसांनी टोप्या काढून श्वास सोडला. ब्राउलियानं कोंबड्या मोकळ्या केल्या. कॉलर किती, असं फिदेन्सियोनं विचारलं, आणि वर सांगितलेला वाद तिथून सुरू झाला. सिरियाका चुलीशी पाठमोरी उभी होती. एकतीस वर्षांत मेलितोन कधी खोटं बोलला नव्हता, हे तिला माहीत होतं, कारण त्याला ते जमत नाही, हे आत्ताच तिनं पाहिलं होतं. गावाला घाबरवायचं नाही म्हणून तो बोलला. आता तो वर जाणार, मनानं सांगितलेला सूट घेऊन ज्याला सूट नको त्याच्यापुढे उभा राहणार. आणि ज्यानं वर्षभर वेळेवर पाऊस दिला, त्याला त्याची साधी टोपीही मिळणार नाही, आणि शेंगांचंही कुणी सांगणार नाही.

मंगळवारच्या बाजारातून तिनं एक टोपी आणली. दोन-तीन डोक्यांवर घालून बघितली आणि शेवटी सगळ्यात मोठी घेतली.

बारा तारखेला सकाळी साठ माणसं, सात जणांचा बँड आणि एक सूट असे सगळे दोन ट्रकांतून निघाले. सूट पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी. फिदेन्सियो मागे उभा. रस्ता संपतो तिथे पहाऱ्यावर एक तरुण सैनिक होता. इथून पुढे जायला बंदी आहे, असं त्यानं वाचून दाखवलं, आडवा बांबू वर केला, आणि सिरियाकाला हळूच विचारलं, की मावशी, तिकडे माझ्या आईचं नाव घ्याल का, तिच्या गुडघ्यांचं जरा बघा म्हणावं. सिरियाकानं नाव विचारून घेतलं.

पाइनची झाडं संपली आणि पिवळ्या गवताचा माळ लागला तेव्हा सगळे दम खायला बसले. इथून वर नुसती काळी वाळू, आणि वाळूच्या शेवटी ती कपार, जिला नाहुआ मंडळी पर्वताची बेंबी म्हणतात. गोयोबाबा अगदी समोर होता. धूर नाही, आवाज नाही. बँडवाले वीस पावलांवर पितळ पुसत बसले. मेलितोन सिरियाकाच्या शेजारी दगडावर टेकला, त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात बोलायला लागला.

"सिरियाका, यंदा तो आला नाही. सूट मी मनानं सांगितला."

तिनं टोपीची पिशवी मांडीवर ओढली.

"कंटाळला असेल मला. एकतीस वर्षं तेच तोंड. आता वर जाऊन कुठल्या तोंडानं उभा राहू त्याच्यासमोर?" असं म्हणून मेलितोननं बोटांनी वाळूत एक रेघ ओढली आणि पुसली. "वर्षभर एवढं दिलं त्यानं. साधं त्याच्या मनातलंही मला आणता आलं नाही."

सोळा दिवस सिरियाकानं या क्षणासाठी शब्द जुळवून ठेवले होते. मऊ, गोल, कुठे टोचणार नाहीत असे. ते तिनं त्याच्या कानाशी हळूच सांगितले.

"काय?" मेलितोन म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं, थोडं कमी मऊ.

"काय? पुटपुटू नकोस."

तिसऱ्या वेळी सिरियाका उभी राहिली.

"गोयोबाबा आले होते, माझ्या स्वयंपाकघरात, बसून शेंगा सोलून गेले, त्यांना सूट नकोय, टोपी हवीय, आणि पंधरा दिवस ते तुलाच हाका मारत होते, आणि तुला ऐकू आलं नाही, कारण तू बहिरा झाला आहेस."

समोरच्या कड्यानं 'झाला आहेस' तेवढं परत पाठवलं. साठ माणसांच्या माना वळल्या. ट्रम्पेटवाल्याच्या हातातलं फडकं खाली पडलं, ते त्यानं उचललं नाही. फिदेन्सियो सूट छातीशी धरून उभा होता आणि त्याचा चेहरा आणि सूट यांत जास्त काळं काय हे सांगणं कठीण होतं.

"ओरडायला काय झालं," मेलितोन म्हणाला, "मी काय..."

आणि तिथेच थांबला. आयुष्यात हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच अर्धवट सोडलं.

मग त्यानं विचारलं, "मला हाका मारत होता?"

"तुलाच. आधी तुला. घसा बसेपर्यंत."

"म्हणजे त्या खिडक्या वाजत होत्या..."

"ते तुझं नाव होतं."

मेलितोननं पर्वताकडे पाहिलं. दोन आठवडे राजधानीतल्या कुठल्याशा कचेरीत सुया कागदावर वरखाली नाचल्या होत्या, जाकीटवाला अधिकारी दोनदा धावत आला होता, सगळ्या दरीनं पिवळा दिवा लावून घेतला होता. आणि त्या सगळ्याचा मजकूर 'मेलितोन, मेलितोन' एवढाच होता. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू असा पसरला, की सिरियाकाला लग्नाआधीचा मेलितोन आठवला. सोळा दिवस आपण या माणसाला दुःख होईल म्हणून गप्प बसलो, आणि याला हवी होती ती नेमकी हीच गोष्ट, हे लक्षात येऊन तिला स्वतःचाच राग आला.

पण मेलितोन हाडाचा पाऊसकरी होता. त्यानं डोळे पुसले आणि तिची उलटतपासणी घेतली. कप कुठल्या हातात धरला होता? डाव्या. चालताना? उजव्या पायाची टाच टेकत नव्हते. कपातला गाळ? अंगणात टाकला. मेलितोननं डॉक्टरसारखी मान हलवली. तोच, असं त्यानं जाहीर केलं. मग त्याला काहीतरी टोचलं.

"शेंगा सोलल्या? एकतीस वर्षांत माझ्यासमोर त्यानं कधी काडी इकडची तिकडे केली नाही."

"तू सांगितलंस का कधी?"

ब्राउलिया तोंडात पदर कोंबून हसली, आणि मग कुणालाच आवरलं नाही. हसणं ओसरल्यावर मेलितोननं कमरेची पिशवी सोडली, तिच्यातलं मातीचं धुपाटणं काढलं आणि दोन्ही हातांनी बायकोपुढे धरलं. एकतीस वर्षांत त्या धुपाटण्याला तिनं हात लावला होता तो फक्त घासायला. आता तिनं ते पुढे होऊन घेतलं. मेलितोननं तिला धूर उजवीकडून डावीकडे न्यायचा असतो हे हळूच दाखवलं. त्याला वाटलं, हळूच. ते खाली पहाऱ्यापर्यंत ऐकू गेलं असावं.

बेंबीपाशी पोचल्यावर फिदेन्सियोनं कोंडलेला प्रश्न बाहेर काढला. सूटचं काय करायचं? आत रेशमी अस्तर आहे. सिरियाका म्हणाली, तुझ्या नऊ दिवसांच्या मेहनतीला ते नाही म्हणायचे नाहीत, भिडस्त आहेत, क्रुसाला घाल. कपारीतल्या लाकडी क्रुसाला फिदेन्सियोनं सूट चढवला, तिन्ही बटणं लावली, खांद्यावरची सुरकुती काढली आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. सिरियाकानं वर ताडपत्त्याची टोपी ठेवली. क्रूस दूरच्या भाचीच्या लग्नाला निघाल्यासारखा दिसायला लागला. कॉलरविषयी कुणी काही बोललं नाही.

मग टोपल्या उघडल्या. पाव, केळी, कलिंगडं, मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालेंची मोठी चळत, पुल्के दारूचा घडा, आणि टर्कीच्या तंगड्यांवर ओतलेली मिरची-कोकोची काळीभोर, दाट आमटी, मोले, परातभर. सगळं क्रुसासमोर मांडून झालं. माणसं गुडघ्यांवर बसली आणि सिरियाकाकडे बघू लागली. मेलितोन मागणं मागायचा तेव्हा जुन्या नाहुआ बोलीत पाऊण तास मागायचा. ढगांची सात नावं घ्यायचा, वाऱ्यांची चार. सिरियाकाला त्यातलं एकही धड येत नव्हतं. तिनं धूर उजवीकडून डावीकडे नेला आणि घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं बोलायला लागली.

"बाबा, मागायला नाही आले. सांगायला आले. राजमा छान झाला. तुम्ही बघितलाच. पाऊस जूनमधल्या संत हुआनच्या सणानंतर तिसऱ्या दिवशी आला, आणि असा हळू आला, की एक सरी वाहून गेली नाही. गारा ब्राउलियाच्या बांधापर्यंत आल्या आणि तिथून वळल्या. ती म्हणते तिनं वळवल्या, पण आम्हाला माहीत आहे. तुमची राख पडली तेव्हा आम्ही तुम्हाला नावं ठेवली. मी स्वतः ठेवली, धुतलेल्या चादरी होत्या. त्याच राखेत यंदा भोपळे एवढे झाले, की मेलितोन एकावर बसून जेवला. झरा आटला नाही. माझी नात ट्रकमध्ये जन्मली, रस्ता कोरडा होता म्हणून वेळेवर दवाखान्यात पोचली, तिचं नाव ग्रेगोरिया ठेवलंय. आणि खाली पहाऱ्यावर एक पोरगा आहे, त्याच्या आईचे गुडघे दुखतात. हे मागणं आहे, पण माझं नाही."

ती थांबली. तिला वाटलं, संपलं. पण मागून ट्रम्पेटवाला पुढे सरकला आणि म्हणाला, की बाबा, माझं म्हातारं खेचर खोकत होतं, ते बरं झालं. मग ब्राउलियानं तिच्या धाकटीच्या नोकरीचं सांगितलं. कुणी मधाच्या पोळ्याचं, कुणी विहिरीचं. फिदेन्सियोनं तीन वर्षांपूर्वी हरवलेली कात्री सापडल्याचं सांगितलं आणि ती कुठे सापडली तेही. गावाला मागायची एवढी सवय होती, की मिळालेलं मोजायला बसल्यावर ऊन कलायला लागलं तरी संपेना. दरवर्षी या जागी माणसं रडत. यंदाही रडली, पण मधेमधे हसत.

शेवटी मेलितोन उरला. त्यानं टोपी काढली, आणि आयुष्यभर ज्याच्याशी अरेतुरेत बोलला, त्याच्याशी तसंच बोलला.

"एकतीस वर्षं ऐकलं तुझं. आता येत नाही ऐकू. चूक माझी, मी कबूल करायला हवं होतं." त्यानं टोपी वाळूवर ठेवली. "पण दुसरा कुणी असता तर तिसऱ्या हाकेला उठून गेला असता. तू पंधरा दिवस मारल्यास. पुरे आहे मला. आता हिच्याशी बोलत जा. हिचे कान चांगले आहेत. माझ्या मनातलंही हिला ऐकू येतं."

सिरियाकानं धुपाटण्यात आणखी चिमूटभर धूप टाकला.

उत्तर आधी जमिनीतून आलं. गुडघ्यांखाली काहीतरी खोल, जाड, सावकाश हललं. मेलितोननं दोन्ही तळवे वाळूवर टेकवले, डोळे मिटले आणि हे आलं, हे मला ऐकू आलं, असं म्हणाला, आणि त्याच्या सुरकुत्यांतून पाणी वाहायला लागलं. वर, शिखराच्या तोंडातून, एक गोल पांढरा ढग उठला. राग नाही, घाई नाही. जेवण आवडल्यावर म्हातारी माणसं सोडतात तसा मोठा निःश्वास. तो उन्हात चमकला, पसरला, वाऱ्यानं कलला आणि गावाच्या अंगावर यायला लागला. सोळा दिवस गप्प असलेला गोयोबाबा बोलला होता. साठ माणसांनी कपाळं वाळूला टेकवली. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली.

मग एकेकानं मान वर केली आणि नव्या पाऊसकरणीकडे पाहिलं. रिवाज असा, की पर्वतानं उत्तर दिलं की ते पाऊसकऱ्यानं गावाला सांगायचं. वर्षभराचा पाऊस, गारा, मका, सगळं त्या पहिल्या शब्दावर. मेलितोननं तर उजवा कान हातानं पुढे केला होता. लोकांदेखत, लाज न बाळगता. राखेचे पहिले बारीक कण धुपाच्या धुरात शिरले. सिरियाकानं त्यांच्याकडे पाहिलं, खालच्या परातीकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली,

"अरे, त्या मोलेवर कुणीतरी झाकण ठेवा."